वखारीची नवी वही

मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या खोलीची किल्ली ज्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे, तिच्याजवळ कोठीची वही म्हणून कधीं नसे. जुना तांदूळ कोणत्या कणगींत आहे, लोणच्याची कोणती बरणी आधीं संपवावयाची, पापडांचा डबा पावसाळ्यांत कोठें हलविला आहे, हें सारें तिच्या ध्यानांत असे. काळोखांत हात घालून ती नेमकी वस्तु काढून देई. ती महिनाभर यात्रेला गेली कीं घरांतील सुनांची तारांबळ उडे. माल सगळा जागच्या जागीं असे; फक्त ती जागा कोणाला ठाऊक नसे.

व्यापाऱ्याची वखार म्हणजे हीच कोठी, हजारपट वाढलेली. तेथेंहि किल्लीवाली बाई असतेच. फक्त तिच्या ठिकाणीं कोठावळा, मुकादम आणि वर्षानुवर्षे ओझीं वाहिलेले हमाल असतात. वखारीचें खरें ज्ञान अर्धें खातेवहींत असतें व अर्धें या माणसांच्या डोक्यांत. वखार लहान होती तोंपर्यंत ही वांटणी चालून गेली. परंतु एका छपराखालीं वीस वीस हजार प्रकारचा माल येऊं लागला, सायंकाळीं आलेली मागणी सकाळीं गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचविण्याची रीत पडली, तेव्हां माणसाची आठवण अपुरी पडूं लागली आणि त्या जागीं संगणक बसविण्याचे प्रयत्न सुरू झाले.

अशा वखारीसाठीं संगणकाची जी आज्ञावली तयार होते, म्हणजे व्यवहारांत ज्याला सारे सॉफ्टवेअर म्हणतात तें, त्याचें काम सांगावयास सोपें आहे. वखारींतील प्रत्येक कप्प्याला पत्ता दिला जातो. शहरांत जशी आळी, मग घर, मग मजला, तशी येथें ओळ, मग मांडणी, मग थर व शेवटीं कप्पा. आलेल्या प्रत्येक खोक्यावर ओळखीची खूण असते. तें खोकें कोणत्या पत्त्यावर ठेवावयाचें हें यंत्र सांगतें आणि ठेवल्याची नोंद घेतें. मागणी आली म्हणजे कोणत्या पत्त्यावरून कोणता नग काढावा, कोणत्या वाटेनें फिरलें असतां माणसाची पायपीट कमी होईल, ज्या औषधाची मुदत लवकर संपावयाची तें आधीं कसें बाहेर पडेल, हेंहि तेंच ठरवितें. शिल्लक किती उरली हें पाहण्यासाठीं मग कोणाला शिडीवर चढावें लागत नाहीं.

ओळखीची ती खूण म्हणजे काळ्या उभ्या रेघांची पट्टी, जिला बारकोड म्हणतात. तिची कथा मोठी गोड आहे. नॉर्मन वुडलंड नांवाच्या अमेरिकन तरुणानें बालवीर पथकांत असतां तारखात्याची मोर्स लिपि शिकून घेतली होती. पुढें मायामीच्या समुद्रकिनारीं बसला असतां त्यानें वाळूंत त्या लिपीचीं टिंबें व रेघा काढल्या आणि सहज बोटांनीं त्या खालीं ओढल्या. बारीक व जाड रेघांची जाळी उमटली. त्या कल्पनेचें पेटंट त्याला व त्याचा सहकारी बर्नार्ड सिल्व्हर याला १९५२ सालीं मिळालें. मात्र हल्लींच्या रूपांत ही खूण दुकानांत प्रथम वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजीं, ओहायो संस्थानांतील ट्रॉय या गांवीं, च्युइंग गमच्या एका पाकिटावर. वाळूंतल्या रेघेला दुकानापर्यंत यावयास पाव शतक लागलें. यंत्रें आज हुकूम दिला कीं उद्यां चालूं लागतात असें मानणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

या नव्या वहीचा एक गुण असा आहे कीं, तोच तिचा दोषहि होतो. जुन्या कोठावळ्याच्या वहींत चूक असली तर तो मान वर करून मांडणीकडे पाही आणि वही दुरुस्त करी. संगणकाला डोळे नाहींत. हजेरीपटावर मुलाची हजेरी मांडलेली आहे आणि बाक मात्र रिकामें आहे, अशी स्थिति शाळेंत एखाद्या दिवशीं होते. पण शिक्षक बाकाकडे पाहूं शकतो. वखारींतल्या संगणकानें कप्पा रिकामा म्हटला कीं तो सर्वांच्या लेखीं रिकामा, मग त्यांत माल दाटीवाटीनें भरलेला कां असेना. तो माल विकला जाणार नाहीं, मोजला जाणार नाहीं, आणि कोणी शोधणारहि नाहीं.

ही वही घाईनें उघडली तर काय होतें याचें उदाहरण अमेरिकेंतच घडलें. टेक्सास संस्थानांत डॅलस शहराजवळ कॅरोल्टन येथें फॉक्समायर या नांवाची औषधांचा घाऊक व्यापार करणारी कंपनी होती. तिची वर्षाची विक्री सुमारें ५ अब्ज डॉलर होती, देशभर तिच्या वीसहून अधिक वखारी होत्या, आणि रुग्णालयें व औषधांचीं दुकानें तिच्यावर अवलंबून असत. या धंद्यांत नफ्याची धार फार बारीक. औषध तेंच, कारखानाहि तोच. जो लवकर, अचूक व स्वस्तांत पोंचवील त्याचें गिऱ्हाईक. १९९२ सालीं तिचें एक फार मोठें गिऱ्हाईक, फार-मोर ही दुकानांची कंपनी, दिवाळखोरींत गेलें. तेव्हांपासून मालकांना चिंता लागली होती. शिवाय जुनें संगणकयंत्र आयुष्याच्या शेवटास आलें होतें. बदल हवा होता यांत शंका नाहीं. आळसानें किंवा हौसेनें त्यांनीं कांहीं केलें असें म्हणतां येणार नाहीं.

१९९३ सालीं त्यांनीं योजना आंखली. हिशेबाच्या व मागण्यांच्या कामासाठीं जर्मनींतील एस. ए. पी. कंपनीची आर-३ ही आज्ञावली घेतली, ती बसविण्यास अँडरसन कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीस नेमलें, आणि वखारींतील स्वयंचलित यंत्रांसाठीं व त्यांच्या आज्ञावलीसाठीं पिनॅकल नांवाच्या तिसऱ्याच कंपनीशीं सुमारें १ कोटी ८० लक्ष डॉलरचा करार केला. सगळ्या योजनेचा अंदाज साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास होता, आणि ती पुरी झाली म्हणजे वर्षाला ४ कोटी डॉलर वांचतील असा हिशेब मांडला होता. येथेंच पहिली ठेंच लागली. आर-३ ही आज्ञावली त्या काळीं कारखानदारांच्या कामांत मुरलेली होती. रात्रींतून लक्षावधि लहान मागण्या हातावेगळ्या करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या कामांत नव्हे. त्यांत दोन निराळ्या घरच्या दोन आज्ञावल्या. हिशेबाची आज्ञावली म्हणणार, अमुक मागणी आली. वखारीची म्हणणार, अमुक नग निघाला. दोघींचें बोलणें क्षणोक्षणीं जुळावयास हवें. दोन जावांची चूल एक करण्यासारखेंच हें काम. घरांतल्या कर्त्याला तें वाटतें तितकें सोपें कधींच नसतें.

अठरा महिन्यांत हें सर्व होणें नाहीं, असें एका सल्लागार संस्थेनें आरंभींच बजाविलें होतें. तें ऐकलें गेलें नाहीं. उलट १९९४ सालीं कंपनीनें विद्यापीठांच्या रुग्णालयांच्या एका मोठ्या संघाशीं वर्षाला एक अब्ज डॉलरपर्यंत जाऊं शकणारा पुरवठ्याचा करार केला. यंत्रणेचें माप अगोदर घेऊन झालें होतें, आणि अंगरखा शिवीत असतां मुलगा वीतभर वाढला! त्याहून कठीण गोष्ट म्हणजे, नवी यंत्रणा आली म्हणजे खर्च कमी होणार या भरवंशावर कंपनीनें करारांत भाव आधींच उतरवून दिले होते. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण टेक्साससाठीं केलेली नसली तरी तेथें चपखल बसली.

ओहायो संस्थानांत वॉशिंग्टन कोर्ट हाउस या नांवाचें एक लहान शहर आहे. नांव ऐकून कोणास तें न्यायालय वाटेल, पण तें शहरच. तेथें नवी स्वयंचलित वखार उभी राहिली, आणि तिच्यासाठीं तीन जुन्या वखारी बंद करावयाच्या असें ठरलें. जुन्या वखारींतल्या माणसांना हें कळावयास वेळ लागला नाहीं. आपली नोकरी जाणार, आपण वीस वर्षें ज्या कप्प्यांत हात घालीत आलों ते कप्पे एक यंत्र बळकावणार, हें ज्याला दिसत आहे त्याच्या हातून शेवटच्या महिन्यांत मन लावून काम व्हावें ही अपेक्षा करणारा मनुष्य एकतर संत असला पाहिजे, नाहींतर त्यानें कधीं कोणाची चाकरी केलेली नसावी. अनेकांनीं आधींच काम सोडलें. कांहीं मालाची नासधूस झाली, मागण्या अर्ध्यामुर्ध्या गेल्या. नवी वखार उघडली तेव्हां तिच्या यंत्रांना इतक्या नोंदींचा भार सोसेना. चुकीचा माल गेला तर दुकानदार तक्रार करी, कंपनी दुसरा माल पाठवी, आणि पहिल्याची नोंद निस्तरेपर्यंत तिसरी चूक झालेली असे. या स्थित्यंतरांत सुमारें ३ कोटी ४० लक्ष डॉलरच्या मालाचा मेळ लागला नाहीं, असें पुढें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नमूद आहे. त्याच अभ्यासांत आणखी दोन आंकडे आहेत. जुनें थकलेलें यंत्र एका रात्रींत ४,२०,००० मागण्या निकालांत काढी. नव्या आज्ञावलीला त्या वेळीं रात्रीं १०,००० च झेपल्या. प्राथमिक शाळेंतला मुलगाहि हा भागाकार करील. उत्तर ४२ येतें. हा भागाकार वखार उघडण्यापूर्वीं करतां आला असता कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

ऑगस्ट १९९६ मध्यें फॉक्समायरनें दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा औषधांचा धंदा मॅकेसन या प्रतिस्पर्धी कंपनीनें सुमारें ८ कोटी डॉलरला विकत घेतला. १९९८ सालीं दिवाळखोरीच्या विश्वस्तांनीं एस. ए. पी. व अँडरसन या दोघांवर प्रत्येकी ५० कोटी डॉलरचे दावे लावले; दोघांनींहि दोष नाकारला. फॉक्समायर केवळ आज्ञावलीमुळें बुडाली असें म्हणणें अन्यायाचें होईल. मोठें गिऱ्हाईक गेलेलें होतें, भाव पडेल होते. पण ज्या वेळीं तिनें एकएक मागणी जपावयास हवी होती, त्याच वेळीं तिला आपल्या घरांत काय आहे हें ठाऊक नव्हतें.

मग असें काम आंखावें तरी कसें? अनुभवी लोक सांगतात कीं, आज्ञावली विकत घेण्यापूर्वींचे महिने सर्वांत मोलाचे. त्या महिन्यांत वखार आहे तशी कागदावर उतरावयाची. हें काम कंटाळवाणें असतें म्हणून तें बहुधा एखाद्या नवख्या कारकुनाच्या गळ्यांत पडतें, आणि तेथूनच बिघाड सुरू होतो. एकाच वस्तूला खरेदीच्या वहींत एक नांव व विक्रीच्या वहींत दुसरें असतें. 'एक' म्हणजे काय यावरहि एकमत नसतें. खरेदीवाल्याचें एक म्हणजे बारा बाटल्यांचें खोकें; विक्रीवाल्याचें एक म्हणजे एक बाटली. माणसें हा फरक न बोलतां सांभाळून घेतात. यंत्र तो सांभाळीत नाहीं. तें बाराच्या ठिकाणीं एक आणि एकाच्या ठिकाणीं बारा पाठवून मोकळें होतें.

त्यानंतर जुन्या जाणत्या माणसाशेजारीं बसावें लागतें, आणि तें एक दिवस नव्हे. रात्रपाळीलाहि बसावें लागतें, कारण वखारीच्या खऱ्या रीति रात्रीं दिसतात. खोक्यावरची चिठ्ठी फाटली तर तो काय करतो? परत आलेला माल तो कोठें ठेवतो? कांहीं वस्तु तो नेमक्या दाराजवळच कां ठेवतो? विचारलें तर तो म्हणेल, तशी चाल आहे. परंतु त्या चालींत बहुतेक वेळां कारण दडलेलें असतें: अमुक गिऱ्हाइकाची गाडी पहांटे पहिली येते, किंवा तमुक औषध उन्हाच्या भिंतीजवळ ठेवलें तर नासतें. हें कारण आज्ञावलींत उतरलें तर ती शहाणी होते. नाहीं उतरलें, तर पहिल्या आठवड्यांतच हमाल तिच्या आज्ञा मोडूं लागतात, आणि वही एक सांगते व वखार दुसरें.

नव्या यंत्रणेची परीक्षा तिला पेलेल अशा बेतानें घेऊन पास करण्याचा मोहहि आवरावा लागतो. ज्या रात्रीं सर्वांत जास्त मागण्या आल्या त्या रात्रीच्या मागण्या जशाच्या तशा तिच्यापुढें ठेवाव्या. परीक्षेला सोपा प्रश्न काढून वर्गाचा निकाल शेंकडा शंभर लावणारे मास्तर असतात. त्यांच्या मुलांचें पुढें काय होतें हें सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशीं सगळी वखार न बदलतां एक कोपरा बदलावा, आणि तेथें बिघडलें तर जुन्या वहीवर परत येण्याची वाट मोकळी ठेवावी.

कामकऱ्यांच्या प्रश्नाला सोपें उत्तर नाहीं. यंत्रानें कांहीं हात मोकळे होतात ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं, कारण ती लपत नाहीं. किती जणांचें काम राहील, उरलेल्यांना कोठें घेतलें जाईल, हें आरंभींच स्पष्ट सांगणें चालकांना जड जातें. पण तें न सांगितल्याची किंमत ओहायोमध्यें खोक्याखोक्यांनीं मोजली गेली.

दुसरें उदाहरण खाऊचें आहे. पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील हर्शी ही चॉकलेट करणारी कंपनी सर्वांस ठाऊक असेल. तिनेंहि हिशेब, मागण्या व मालाची पाठवणी यांसाठीं सुमारें ११ कोटी २० लक्ष डॉलर खर्चून नवी यंत्रणा घेतली. चार वर्षांचें काम अडीच वर्षांत उरकावयाचें ठरलें. एप्रिल १९९९ चा मुहूर्त साधला नाहीं, तो जुलैवर गेला. अमेरिकेंत ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन नांवाचा सण येतो. मुलें दारोदार जाऊन मिठाई मागतात, आणि दुकानदार तिचा सांठा उन्हाळा संपतां संपतां करूं लागतात. म्हणजे ऐन लगीनघाईंत नवें स्वयंपाकघर उघडल्यासारखें झालें. गमतीची गोष्ट अशी कीं, माल नव्हता असें नव्हेच. गर्दीच्या दिवसांत जास्त झालेलें चॉकलेट कारखान्यांतल्या मोकळ्या खोल्यांत किंवा तात्पुरत्या भाड्याच्या वखारींत रचून ठेवण्याची त्यांची जुनी चाल होती. त्या खोल्यांना संगणकांत पत्ताच दिलेला नव्हता. संगणकाच्या दृष्टीनें त्या खोल्या जगांत नव्हत्या, म्हणून त्यांतलें चॉकलेटहि नव्हतें. सुमारें १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करतां आल्या नाहींत, आणि त्या तिमाहींत कंपनीचा नफा शेंकडा १९ नें घटला.

परंतु हर्शीनें यंत्रणा फेंकून दिली नाहीं. राहिलेल्या नोंदी पुऱ्या केल्या, रीति सुधारल्या, आणि २००२ सालीं त्याच आज्ञावलीची नवी आवृत्ति अंदाजापेक्षां कमी खर्चांत बसविली. म्हणजे दोष केवळ आज्ञावलीचा नव्हता.

आपल्याकडे ठाणें जिल्ह्यांत भिवंडीच्या आसपास आज मोठमोठ्या वखारी उभ्या आहेत. जुलै २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि करासाठीं म्हणून राज्याराज्यांत लहान गुदामें ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. तेव्हांपासून एका छपराखालीं अधिक माल आणण्याकडे व्यापाऱ्यांचा कल वाढला आहे. तेथेंहि संगणक येत आहेत. ओझें वाहणाऱ्यांच्या पाठीशीं महाराष्ट्रांत १९६९ चा माथाडी कायदा आहे, म्हणून त्यांना वगळून नवी व्यवस्था आंखणें येथें कायद्याच्या दृष्टीनेंहि अवघड आहे. आणि आपला हॅलोवीन म्हणजे दसरादिवाळी. भिवंडींतला एखादा वखारदार आपली नवी वही भाद्रपदांत उघडावयास निघाला, तर त्याच्या मुकादमानें त्याला हर्शीची गोष्ट खुशाल ऐकवावी.

दिवाळी उलटली, गाड्यांची वर्दळ ओसरली, म्हणजे एका शनिवारीं संध्याकाळीं दारें बंद करावीं. येणारा माल थांबवावा, जाणारा थांबवावा. दोघां माणसांनीं प्रत्येक कप्पा निरनिराळा मोजावा, आणि दोघांचे आंकडे जुळले नाहींत तर तिसऱ्यानें मोजावा. जिन्याखालची जागा, मागची पडवी, मुकादमाच्या खोलींतलें फडताळ, यांनाहि पत्ता द्यावा. तें मुकादमाला विचारूनच द्यावें लागेल. तीं ठिकाणें दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतात.